ओव्याची डबी

बरेच दिवस झाले, इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन मित्रांनी ‘ब्लॉग बंद केला का रे?’ असं विचारलंही. बंद नाही केला. लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं.

जानेवारीत माझी अँजिओप्लास्टी झाली हे बहुतेकांना कळलं आहेच. नातेवाईकांचे फोन येऊन गेले, फळांच्या टोपल्या येऊन गेल्या, ‘तुला कसं काय झालं बाप्पा?’ हेही विचारून झालं. पण त्याच्या आधीचे दहा दिवस काय झालं, ते घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, “लिही. आता काय त्यात.” ताई आणि पुण्याचे मामा, तुम्ही दोघं हे वाचाल तेव्हा लगेच आईला फोन करू नका. आधी शेवटपर्यंत वाचा.

तर सुरुवात झाली ऑफिसच्या हेल्थ चेकअपपासून. वय ४९, वजन ८७ किलो, एचबीए१सी ६.१, लिव्हरवर चरबी. रिपोर्टमध्ये इतके आकडे लाल रंगात छापलेले होते की तो लग्नपत्रिकेसारखा दिसत होता. “बाकी सगळं नॉर्मल आहे,” असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. बाकी म्हणजे काय उरलं होतं, ते त्यालाच ठाऊक.

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि निकाल दिला, “बाबा, तुमच्या त्या फिरण्यानी काही होत नाही. हिट करा.” मला आधी हिट विकेटच आठवली. मग त्याने समजावलं. हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. म्हणजे थोडा वेळ जीव खाऊन व्यायाम करायचा, मग दम खायचा. पुन्हा जीव, पुन्हा दम. मराठीत व्यायाम करतानाही खाणं काही सुटत नाही बघा :)

त्याने माझ्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं. अ‍ॅपने वय विचारलं, वजन विचारलं, ध्येय विचारलं (मी ‘पोट कमी करणे’वर टिचकी मारली) आणि लगेच कार्यक्रम दिला. २० सेकंद व्यायाम, १० सेकंद विश्रांती, असे ८ फेरे. एकूण ४ मिनिटं. चार मिनिटांत भागत असेल तर कोणाला नको आहे? मी तर खर्रा सोडल्यापासून (२०११, एप्रिल, तारीख अजून लक्षात आहे) इतका उत्साही कधी नव्हतो.

डिसेंबरातली नागपूरची सकाळ. सहा वाजता गच्चीवर गेलो, स्वेटर काढला आणि सुरू केलं. त्यात बर्पी नावाचा एक प्रकार असतो. आधी उकिडवं बसायचं, हात टेकून पाय मागे फेकायचे, पाय परत ओढून घ्यायचे, उठायचं आणि हात वर करून उडी मारायची. पुन्हा बसायचं. शेजारच्या गच्चीवर काकू संत्र्याची सालं वाळत घालायला आल्या होत्या. तिसऱ्या फेऱ्यात मी पालथा पडून नुसताच श्वास घेत होतो तेव्हा त्यांचा आवाज आला, “काय शोधून राहिले भाऊजी? काही पडलं का?”

पण मी चिकाटी सोडली नाही. तीन आठवड्यांत अडीच किलो वजन उतरलं. पँट सैल झाली. रविवारचे तर्री-पोहे मी तर्री न घेता खाल्ले, तेव्हा टपरीवाल्याने “तब्येत बरी नाही का साहेब?” असं विचारलं. आता या विषयावर काही वाचायला घेतलंच होतं, तर जरा खोलात गेलो. आमचा हा स्वभावच. आधी उडी मारायची आणि मग विहिरीची माहिती काढायची.

२० सेकंद आणि १० सेकंदांचं ते गणित इझुमी ताबाता या जपानी शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. मूळ कल्पना जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकाची, इरिसावांची. ताबाता यांनी ती सायकलवर बसवून मोजून पाहिली आणि १९९६ मध्ये निबंध छापला. सहा आठवड्यांत त्या मुलांची ऑक्सिजन वापरायची क्षमताही वाढली आणि दम कोंडून जोर लावायची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. मुलांची, हे महत्त्वाचं. व्यायामाची सवय असलेली तरुण पोरं होती ती. माझ्यासारखा, लिफ्ट बंद असली की तळमजल्यावरच काम उरकणारा गृहस्थ त्यांच्यात एकही नव्हता. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठातल्या मार्टिन गिबाला यांच्या गटाने मात्र नंतर बैठी कामं करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी फक्त तीनदा २० सेकंद जोर, बाकी सगळी हळू सायकल. १२ आठवड्यांनी पाहिलं तर त्यांना जवळपास तेवढाच फायदा झाला होता जेवढा आठवड्यातून तीनदाच, पण ४५ मिनिटं मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्यांना. तो निबंध २०१६ चा. मी तेवढंच वाचलं आणि खूश झालो. त्यांनी माणसं आधी तपासून घेतली होती, प्रयोगशाळेत शेजारी कुणीतरी उभं होतं, हे वाचलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं.

घरात दुसरं उदाहरण सतत दिलं जात होतं ते आपल्या नागपूरच्याच डॉ. अमित समर्थांचं. २०१७ मध्ये त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर सायकल, बारा दिवसांच्या आत. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,००० किलोमीटरच्या वर. चिरंजीव म्हणायचे, “तेही नागपूरचेच ना बाबा? तेही तर्री-पोहेच खातात.” काय खातात ते मला माहीत नाही, पण त्या माणसाने त्याआधी किती वर्षं घातली असतील हा प्रश्न बापलेकांपैकी एकालाही पडला नाही.

आता मुख्य गोष्ट.

चौथ्या आठवड्यात एके दिवशी सहाव्या फेऱ्यात छातीच्या मधोमध, तळहात ठेवावा एवढ्या जागेवर, कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटलं. दुखत नव्हतं. हे मी मुद्दाम दोनदा लिहितो, दुखत नव्हतं. सिनेमात माणूस छाती धरून कोसळतो तसलं काही नाही. नुसतं जड. थांबलो की दोन मिनिटांत जायचं. आदल्या रात्री मित्राकडे सावजी रस्सा झाला होता, त्यामुळे निदान तयारच होतं. गॅस. खाली आलो, स्वयंपाकघरात जाऊन चिमूटभर ओवा काळं मीठ लावून चावला. बरं वाटलं. (थांबल्यामुळे बरं वाटलं होतं. पण श्रेय ओव्याला गेलं.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चौथ्याच फेऱ्यात. मग मी जोर जरा कमी केला, पण बंद नाही केलं. दहा दिवस असं चाललं. ऑफिसच्या जिन्यावरही एकदा झालं. बायकोला सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचं उत्तर मी दवाखान्यातल्या खाटेवर पडून बराच वेळ शोधलं. भीती वाटत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. सांगितलं असतं तर व्यायाम बंद झाला असता, पँट पुन्हा घट्ट झाली असती, आणि पोरासमोर हार मानल्यासारखं झालं असतं. इतकं साधं आणि इतकं मूर्खपणाचं कारण. आमच्या वयाच्या पुरुषांना पंचविशीतलं अंग कपाटात घडी घालून ठेवलंय, काढलं की लगेच अंगात बसेल, असं का वाटतं कुणास ठाऊक.

आई आमच्याकडेच असते. वय ७९. पहाटे साडेचारला उठते, सहापर्यंत तिची पूजा आटोपते, आणि मग ती स्वयंपाकघरातल्या ओट्याशी तिच्या खुर्चीवर बसून असते. त्या दिवशी मी गच्चीवरून आलो, डबा उघडला, ओवा घेतला. आई मागून म्हणाली, “ओवा काऊन खाऊन राहिला तू?”

“गॅस झाला जरा.”

“रोज?”

मी गप्प. ती उठली, माझ्या हातातली डबी घेतली, उघडून पाहिली. “पंधरा दिवसांआधी भरली होती मी. अर्धी झाली.” मग डबी हातात धरूनच खाली बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाच चक्कर आली. जवळ गेलो तर म्हणाली, “तुझे बाबा पण आठ दिवस ओवा खाऊन राहिले होते.”

इथे थोडं मागे जायला लागेल.

बाबा गेले मे १९९० मध्ये. मी १४ वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मामांकडे. मामांनी मला फक्त “चल, नागपूरला जायचंय,” एवढंच सांगितलं आणि आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. रस्त्यात त्यांनी मला दोनदा आइसक्रीम घेऊन दिलं, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. बाबा ४८ चे होते. ऑफिसातून दुपारी घरी येताना स्कूटर अजनीच्या पुलाच्या अलीकडे बंद पडली. भर दुपारी, मे महिन्यात, त्यांनी ती ढकलत पुलाच्या चढावर नेली. घरी आले. माठातलं पाणी प्यायले. “थोडं पडतो,” म्हणाले. आई चारला चहासाठी उठवायला गेली.

आमच्या घरात ही गोष्ट ३५ वर्षं एकाच वाक्यात सांगितली गेली, ‘बाबांना ऊन लागलं.’ नागपुरात हे कुणालाही पटतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश झालं होतं. मे २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ दाखवले (यंत्रच बिघडलं होतं असं नंतर निघालं, पण एक दिवस आम्ही जगात गाजलो). त्यामुळे उन्हाळ्यात कुणी गेलं की ऊन लागलं. पुढे प्रश्न नाही. मी शाळेत जाताना आई खिशात कांदा द्यायची. कॉलेजात असताना माझी गाडी बंद पडली आणि मी ती ढकलत घरी आणली, तर ती माझ्यावर इतकी ओरडली की गल्लीतली माणसं बाहेर आली. ‘रिक्षा कर, टेम्पो कर, तिथंच टाकून ये, पण ढकलू नको.’ तेव्हा मला वाटायचं, हे उन्हाचंच भय आहे.

बाबा तब्येतीने कमजोर नव्हते हेही सांगायला हवं. लग्नाआधी ते महालातल्या एका तालमीत जायचे. जोर, बैठका, मुद्गल, सगळं. वस्ताद नव्या पोराला पहिले कित्येक दिवस कुस्ती खेळूच देत नसे, नुसती माती उकरायला लावायचा, ही गोष्ट ते मला सांगायचे. मग नोकरी, संसार, टेबलाखालचा खर्रा. पंधरा वर्षांत त्यांनी एक बैठक मारली नसेल. पण ‘मी तालमीतला माणूस’ हे डोक्यात पक्कं. बंद स्कूटर ढकलायला त्यांना कोणाची मदत कशाला लागणार होती?

त्या दिवशी ओट्याशी बसून आईने मला सांगितलं की त्याआधी आठ दिवस बाबा रोज म्हणायचे, छातीत जरा जड वाटतं, गॅस असेल. जेवून सायकल काढली की वाटतं. बसलं की जातं.

“मीच देऊन राहिली होती ना त्यांना ओवा,” आई म्हणाली. “रोज. काळं मीठ लावून. हातावर ठेवत होती.”

ताई, हे तुलाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिने ३५ वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आजोबांना नाही, मामांना नाही. लोक ऊन लागलं म्हणायचे आणि ती मान हलवायची.

मी काही बोलू शकलो नाही. ती मात्र एकदम उठली आणि बायकोला हाक मारली, “इकडे ये गं. याले दवाखान्यात घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. आंघोळ नंतर करेल तो.” ४० वर्षं मास्तरीण असलेल्या बाईचा आवाज होता तो. मी बनियनवर स्वेटर घातला आणि निघालो.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. ईसीजी ठीक आला. ट्रेडमिलवर चालवलं तर सातव्या मिनिटाला डॉक्टरांनीच मशीन थांबवली. दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी, एका रक्तवाहिनीत ८० टक्के अडथळा, एक स्टेंट. घरी आलो तेव्हा शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “मी तर तेव्हाच म्हटलं होतं, काही पडलं का.”

डॉक्टरांनी मला रागावावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी उलट एक आकडा सांगितला, तो घरी येऊन मी शोधून वाचला. १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिटलमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. हार्ट अटॅक येऊन वाचलेल्यांना त्यांनी विचारलं, त्याआधीच्या तासाभरात काय करत होतात? हिशेब असा निघाला की ज्यांना व्यायामाची सवयच नाही त्यांच्यात जोराच्या श्रमानंतरच्या तासात अटॅकचा धोका एरवीच्या १०७ पट होता. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत? २.४ पट. मूळ एका तासाचा धोका अगदी छोटा असतो, म्हणून १०७ पट झाला तरी बहुतेक वेळा बहुतेकांना काही होत नाही. पण आत आधीच अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात आपण दक्षिण आशियातले लोक. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडे पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं, इतरत्र ते जवळपास ५९ होतं.

१०७ आणि २.४ हे दोन आकडे मी बराच वेळ बघत बसलो. ज्या श्रमाने माणूस वाचतो आणि ज्याने जातो, ते श्रम एकच आहेत, फक्त आधीचे महिने वेगळे. बाबांचा तो पूल म्हणजे तसं पाहिलं तर पूर्ण जोराचा एक फेरा होता. मध्ये विश्रांती न घेतलेला. माती न उकरता.

मला वाटलं होतं आता आयुष्यभर ‘जपून’. तर डॉक्टर म्हणाले, व्यायाम सोडायचा नाहीच, उलट करायचा. पहिले सहा आठवडे सपाट रस्त्यावर चालणं, रोज थोडं वाढवत. मग पुन्हा ट्रेडमिलची तपासणी. ती नीट आली तेव्हा त्यांनी स्वतःच मला इंटरव्हल दिलं! मी चाटच पडलो. पण हे नॉर्वेचं. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चारदा. तिथल्या ट्रॉन्डहाइमच्या विस्लॉफ यांच्या गटाने २००७ मध्ये हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर हे करून पाहिलं, सरासरी वय ७५! चढावर चालवलं त्यांना. ऑक्सिजन वापरायची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, एकसारखं मध्यम चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. फक्त २७ माणसांचा अभ्यास आहे, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचू नये. नंतर नॉर्वेतच हृदयरुग्णांच्या पावणेदोन लाख तासांच्या व्यायामाची नोंद पाहिली गेली. मध्यम व्यायामाच्या सुमारे १,२९,००० तासांत एक जण गेला. जोराच्या व्यायामाच्या ४६,००० तासांत दोघांचं हृदय थांबलं, दोघंही वाचले. कारण उघड आहे, शेजारी माणसं होती.

आता आठवड्यातून दोनदा मी सेमिनरी हिल्सच्या चढावर जातो. पळत नाही, चढ चालतो. २२० उणे वय हे ठोक्यांचं सूत्र माझ्या कामाचं नाही, कारण मी जी गोळी घेतो ती ठोके वाढूच देत नाही. त्यामुळे खूण अशी, की जोराच्या चार मिनिटांत एक अख्खं वाक्य एका दमात बोलता येऊ नये. हे तपासायला बायको सोबत येते. ती प्रश्न विचारते आणि मला उत्तर देता येत नाही, हा प्रकार तिला फारच आवडलेला दिसतो. चिरंजीवही एकदा आले. दुसऱ्या फेऱ्यात वर पोचून माझी वाट बघत उभे राहिले. खाली उतरताना म्हणाले, “बाबा, सॉरी.” मी म्हटलं, तू नसतं सांगितलंस तर तो अडथळा मला कळला कसा असता? हे खरंही आहे, आणि पूर्ण खरं नाही हेही त्याला कळलं असावं. असो.

आईने ओव्याची डबी आता स्वयंपाकघरातून उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली आहे, साड्यांच्या खाली. घरात कुणाला ओवा हवा असेल तर तिच्याकडे मागायला जावं लागतं. परवा भाचीच्या डोहाळजेवणात जरा जास्त झालं आणि मला खरोखरच गॅस झाला. रात्री तिच्या खोलीत गेलो.

“आई, ओवा दे ना थोडा.”

तिने चष्मा लावला, मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“आधी जिना चढून ये,” म्हणाली. “दोनदा.”

मी दोनदा गच्चीपर्यंत जाऊन आलो. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

“जड वाटते?”

“नाही.”

“खरं सांग.”

“खरंच नाही, आई.”

मग तिने कपाट उघडलं.